हाई हिप हॉप नही शे

"बीट बंद करा रे," तो म्हणाला. बीट बंद झाली.

मी स्टेजवर होते. नंदुरबारमध्ये, भर दुपारी, कॉलेजांच्या रॅप स्पर्धेची फायनल. माझं एक कडवं म्हणून झालेलं, दुसरं तोंडात होतं. मागच्या रांगांतली पोरं उभी राहून नाचत होती. आणि परीक्षकांच्या टेबलावरून तो माईक घेऊन उठला.

"हाई हिप हॉप नही शे. हाई लगनमा नाचानं गाणं शे."

हॉल हसला. मीही हसले. आपल्यावर हसतायत हे कळायला वेळ लागतो.

मग तो माझ्याकडे पाठ करून लोकांकडे वळला आणि अहिराणी सोडून शुद्ध मराठीत बोलू लागला. ही मुलगी सातपुड्यातली आहे. हिचे आईवडील गुजरातला ऊस तोडायला जायचे. हिची लहान बहीण तापानं फणफणून ट्रकमध्ये गेली, हिच्या मांडीवर. अशी आग पोटात असलेली मुलगी स्कुटीचं गाणं म्हणते, हे आपल्या हिप हॉपचं काय झालंय बघा.

हसणं थांबलं. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. पहिल्या रांगेतल्या एका मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला.

माझी बहीण. मी ही गोष्ट आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती. त्याला.

"बहीणनं गाणं म्हन," तो मला म्हणाला. "ते खरं शे."

आणि मी म्हटलं. हे सांगायला मला सर्वात जड जातं. मी माईक फेकला नाही, खाली उतरले नाही. त्याच्याच स्टुडिओत अर्धवट लिहिलेल्या आठ ओळी होत्या, त्या म्हटल्या. बीट नव्हती. आवाज चिरकत होता. शेवटच्या ओळीला हॉल उभा राहिला. मोबाईलचे दिवे लागले. मला पहिला नंबर मिळाला.

त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली.

त्याला सगळे दादा म्हणतात. मीही म्हणायचे. वय पस्तिशीचं. धानोऱ्याकडचं घर, केळी आणि ऊस, एक भाऊ सरकारी नोकरीत. हा पुण्याला शिकायला गेला आणि तिकडून रॅप घेऊन आला. नंदुरबारला घराच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ आहे. भिंतींना काळा फोम, एसी, एवढा मोठा माईक. आमच्या कॉलेजात तो कार्यशाळा घ्यायला आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलला राहायचे, दुपारनंतर मोबाईलच्या दुकानात काम करायचे.

खोटं बोलणार नाही. त्यानं मला शिकवलं. श्वास कुठं घ्यायचा, शब्द तालाच्या पुढं कधी टाकायचा, मागं कधी ठेवायचा. घरी आम्ही भिली बोलतो. मराठी मला शाळेत मार खाऊन आली. तो पहिला माणूस म्हणाला की तुझ्या तोंडात दोन भाषा आहेत, हे तुझं बळ आहे. मी रात्रभर ते वाक्य घोळवलं होतं. एवढं मोठं कुणी बोललं नव्हतं माझ्याशी.

मग एक दिवस स्टुडिओत त्यानं विचारलं, तुला सर्वात जास्त काय दुखतं.

मी सांगितलं. मी आठ वर्षांची होते. दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये सगळे निघालो. बहीण तीन वर्षांची. अक्कलकुव्यापासूनच अंग तापलेलं. विसरवाडीला ट्रक चहासाठी थांबला. याहा, म्हणजे माझी आई, मुकादमाला म्हणाली, इथं डॉक्टर असेल, दाखवून आणते. तो म्हणाला, पुढं दाखवू. हायवे आहे, जास्त वेळ थांबता येत नाही. मी त्याच्या बशीतला चहा संपेपर्यंत बघत होते. ट्रक सुटला. गुजरातची हद्द यायच्या आत बहीण गार झाली. मी तिला झोपली समजून चादर घातली.

एवढंच. दादा रडत होता. डोळे पुसून म्हणाला, हे सोनं आहे. मला वाटलं तो मला म्हणतोय.

पुढच्या महिन्यात तो आमच्या पाड्यावर आला. रेकॉर्डर घेऊन. याहाजवळ बसला, भाकरी खाल्ली, आणि मला म्हणाला, त्या वेळी त्या कशा रडल्या ते जरा म्हणून दाखवायला सांग. मी सांगितलं. मीच सांगितलं. याहा आधी हसली. घरात कुणी मेलेलं नसताना कोण रडतं? मग पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि आमच्यात मेलेल्याला हाक मारून रडतात तशी रडायला लागली. सुरू झाली ती थांबेना. त्यानं हातानं खूण केली, चालू दे.

मी ते गाणं पुरं केलं नाही. त्या आठ ओळींच्या पुढं पेन चालेना. त्याऐवजी मी स्कुटीचं लिहिलं. तेव्हा मी जुनी स्कुटी घेतली होती. आमच्या पाड्यावरची गाडी चालवणारी पहिली पोरगी मी. घाटात पहिल्यांदा चढवली तेव्हा बायका शेतातून बाहेर येऊन बघत होत्या. ते लिहिलं. माझी मैत्रीण रेशमा मोबाईलवर बीट बनवते. तिनं आमच्या लग्नातला ढोल रेकॉर्ड करून त्याखाली टाकला. अर्धं गाणं भिलीत, अर्धं मराठीत. आवाजाला थोडं मशीन, ऑटोट्यून, लावलेलं, हल्ली सगळे लावतात तसं. आम्ही दोघी हॉस्टेलच्या गच्चीवर त्यावर नाचलो.

दादाला ऐकवलं. त्यानं अर्ध्यातच बंद केलं.

तेव्हापासून भांडण सुरू झालं. तो रागावून बोलायचा. "आमना टाईमले हिप हॉप म्हणजे आग व्हती. तुम्ही पोरेसनी त्यानी वरात करी टाकी." त्याचं म्हणणं, हे संगीत मार खाल्लेल्या लोकांनी जन्माला घातलं. त्याला लाज आणू नका. तुम्हाला रील पाहिजे, नाच पाहिजे, मशीनचा गोड आवाज पाहिजे. ओळ खोल गेली पाहिजे हे तुमच्या पिढीला माहीतच नाही.

काही खरं होतं त्यात. रेशमाच्या ओळखीतली पोरं ज्या गाडीत कधी बसली नाहीत तिच्यावर रॅप करतात. ऐकताना मलाही लाज वाटते. पण एक गोष्ट मी बघत होते. माझ्या वयाची, त्याच्या घरासारखी घरं असलेली मुलं त्याच्याकडे यायची. ती प्रेमावर लिहायची, क्रिकेटवर लिहायची. त्यांना तो फक्त ताल दुरुस्त करून द्यायचा. आग कुठं गेली असं त्यांना त्यानं कधी विचारलं नाही. आग मी आणायची. भूक मी आणायची. मेलेलं माणूस मी आणायचं.

हे तेव्हा मनात होतं, तोंडात आलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी स्टेजवर मी आठ ओळी म्हटल्या.

रेशमा हॉलच्या बाहेर उभी होती. तिनं एकच विचारलं, "का म्हटलंस?" ती कित्येक दिवस बोलली नाही माझ्याशी.

तीन महिन्यांनी दादाचा फोन आला. नवीन गाणं येतंय, गावाकडे मळ्यात कार्यक्रम आहे, आईला घेऊन ये, तिचा सत्कार करायचा. कोणतं गाणं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

याहा नवं लुगडं नेसून आली. मळ्यात मांडव, खुर्च्या, मोठा पडदा. पुढच्या सोफ्यावर त्याचे वडील. आम्हाला बघून त्यांनी शेजारच्याला विचारलं, "हाईच का ती, ऊसतोडवालीनी पोर?" माझ्यासमोर, आवाज हळूही न करता. शेजारच्यानं मान हलवली. मग आम्हाला खुर्च्या मिळाल्या.

गाणं लागलं. सुरुवातीला ढोल नाही, बीट नाही. नुसता याहाचा आवाज. रडण्याचा. चारही बाजूच्या स्पीकरमधून. याहानं माझा हात धरला. पडद्यावर ट्रक, उसाची मोळी, एक चिमुरडी, अंगाला राख फासलेली. आणि दादा, काळा टीशर्ट, डोळ्यात पाणी. तो गात होता, "माझी बहीण". माझी, म्हणजे त्याची. आणि ध्रुवपदात नाव होतं, फुलकी. फुलकी, ऊठ. फुलकी, बोल. पुन्हा पुन्हा.

याहा पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं आमच्या बोलीत मला विचारलं, चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात.

"ही फुलकी कोण?"

कुणाला कळलं नाही ती काय म्हणाली. लोकांना वाटलं ती भरून आलीय. टाळ्या वाजल्या.

फुलकी कोणीच नव्हती. आमच्या घरात, आमच्या पाड्यात या नावाची कोणी नाही. त्यानं नाव ठेवलं होतं, गाण्यात बसेल असं. मला आठवलं. स्टुडिओत तो रडला होता, ताप किती होता विचारलं होतं, चादर कोणत्या रंगाची विचारली होती. माझ्या बहिणीचं नाव त्यानं कधी विचारलं नाही.

मी उठले. त्यानं पुढं येऊन सत्काराची शाल याहाच्या खांद्यावर टाकली, तेव्हा त्याच्या हातातला माईक मी घेतला. म्हणाले, "या गाण्यातला माझ्या आईचा आवाज काढा."

तो आधी हसला. मग माईकपासून लांब, हळू, मला इथवर कुणी आणलं ते विचारत म्हणाला, "कोन लई ऊना तुले आठे? मी. हाई गाणं तुन्हा लोकेससाठी शे."

"माझी लोकं यावर नाचू शकत नाहीत, दादा."

"दुखवर कोन नाचस?"

"मग ते आमचं नाही. तुमचं आहे. तुम्हीच रडा."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. त्याचे वडील उठून उभे राहिले. कुणीतरी स्पीकरची वायर काढली. आम्हाला कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त सगळे बाजूला सरले आणि आमच्यासाठी बाहेर जायची वाट झाली. याहानं शाल खुर्चीवर ठेवली, घडी करून.

बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. रेकॉर्डरचं, स्पर्धेचं, आठ ओळींचं. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, तू मला रडायला सांगितलंस तेव्हा मला वाटलं तुला पाहिजे. त्याला पाहिजे होतं हे सांगितलं असतंस तर मी रडले नसते.

मी त्याची माफी मागेन असं कॉलेजात सगळ्यांना वाटलं होतं. मी मागितली नाही. गाणं अजून इंटरनेटवर तसंच आहे. हजारो लोक ऐकतात, खाली लिहितात, अंगावर काटा आला. दोन सर मला म्हणाले, उपकार विसरलीस. रेशमा परत बोलू लागली, पण आमचं स्कुटीचं गाणं टाकलं त्याला कुणी विचारलं नाही. आमच्या पाड्यावरच्या पोरी ऐकतात, तेवढंच. याहा आता कोणत्याही पाहुण्यासमोर तोंड उघडत नाही. मोबाईल दिसला की पदर तोंडावर ओढते. हे मी केलं. त्याच्याबरोबर मीही केलं.

मी गाणार. मशीन लावून गाणार, ढोल लावून गाणार. अक्कलकुव्याच्या बाजारातल्या बांगड्यांवर गाणार, घाटातल्या वळणावर गाणार. रडायचं असेल तेव्हा आमच्या बोलीत, आमच्या माणसांत रडेन, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगणार नाही. कार्यशाळेला अजून बोलावणं येतं. मंचावर नेऊन म्हणतात, ताई, काहीतरी मनाला भिडणारं ऐकवा, तुमच्या अनुभवातलं. मी स्कुटीचं म्हणते. नको असेल तर खाली उतरते.

हे मी लिहिलं कारण तो त्याची गोष्ट सांगत फिरतोय. तुम्ही वाचलंत, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. माझ्या बहिणीला नाव होतं. याहाला माहीत आहे, मला माहीत आहे. तुम्हाला मी ते सांगणार नाही.