जतनबाईंची जोडबाटी

जालन्यात आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून बैलगाडीतून उतरायचं होतं. तेवढ्यात समोरच्या घरातून एक ठेंगणी, गोरी बाई फडक्यात धरलेलं पितळी पातेलं घेऊन तरातरा आली. ओळख नाही, पाळख नाही. तिनं पातेलं आमच्या ट्रंकेवर ठेवलं, झाकण काढलं आणि म्हणाली, "खा. सामान कुठं पळून न्हाई जात." मी म्हटलं, ताटल्या अजून पोत्यात आहेत. त्यावर ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू मी माझे हातच पोत्यात बांधून आणलेत. "ताटली कशाला लागती? तोड अन् खा."

त्या जतनबाई. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत, घरालाच लागून, त्यांच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, पण तीन-चार पिढ्या इथंच गेलेल्या. निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाल्या, मराठी शिकवणाऱ्या मास्तरांची गरज पडली आणि माझ्या यजमानांच्या नोकरीपायी आम्ही परभणीहून इथं आलो, म्हणून मी जतनबाईंची मास्तरीणबाई झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मास्तरीणबाई ऐकायला मला आवडायला लागलं होतं.

पातेल्यात होती ती त्यांची जोडबाटी. कणकेत तुपाचं मोहन, ओवा आणि चिमूटभर सोडा घालून लिंबाएवढे गोळे करायचे. प्रत्येकाच्या पोटात भरडलेल्या मूगडाळीचं हिरव्या मिरचीचं झणझणीत सारण भरायचं आणि गोळे पातेल्यात एकमेकांना खेटून बसवायचे. खाली गोवऱ्यांचे निखारे, वर झाकणावर निखारे. गोळे फुगतात, फुगताना एकमेकांना चिकटतात आणि उघडावं तेव्हा पातेल्यात एकच मोठी, खमंग, वरून तांबूस भाकरी दिसते. तिच्यावर तूप ओतलं की भोवती जमलेल्यांनी आपापल्या बाजूनं तोडायला सुरुवात करायची. एक गोळा ओढला की तो शेजारच्याचा पापुद्रा बरोबर घेऊन येतो. यावरून मुलांची भांडणं व्हायची, मोठ्यांचीही झालेली मी पाहिली आहेत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा एकाच भांड्यात दहा जणांचे हात पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग मी आत पाणी आणायला गेले आणि परत आले, तर त्यांच्या बाजूचा पातेल्याचा तळ दिसत होता.

एकदा शिकायला म्हणून मी त्यांच्या चुलीपाशी बसले आणि शहाणपणानं सुचवलं, की कणीक दह्यात मळली तर मऊ होईल. जतनबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला. "पोटात डाळ अन् वरून दही? मास्तरीणबाई, तू माझ्या सात जन्मांचं पुण्य एका पातेल्यात बुडवती." जैनांत डाळ आणि दही एकत्र चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. कांदा-लसूण तर घरातच नव्हता. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोटही नाही. ही सगळी बंधनं त्या इतक्या मजेत पाळायच्या, की त्यांना ती बंधनं वाटत असतील असं मला कधीच वाटलं नाही. रांधताना त्या काही चाखायच्याही नाहीत. मीठ पडलं की नाही ते वासावरून ओळखायच्या, आणि कधीकधी चुकायच्या.

एवढी गुणी बाई, पण जीभ आवरत नसे. मनात आलं ते तोंडावर. दुकानात कापड निवडायला तास लावणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी माजघरातून ओरडून विचारलं होतं, "लुगडं घेऊन राह्यली का नवरा पसंत करून राह्यली?" गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही. शेटजी स्वभावानं अबोल. लग्न झाल्यापासून त्यांच्या वाट्याचंही जतनबाईच बोलत होत्या.

ही जीभ शेवटी आडवी आली ती कंचनच्या लग्नात. कंचन त्यांची एकुलती एक मुलगी. दिसायला चांगली, कामाला वाघीण आणि बोलायला वडिलांवर गेलेली. तरी दोन स्थळं येऊन परत गेली. पहिल्या वेळी मुलाच्या काकांनी विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो का. जतनबाई म्हणाल्या, "तुमच्या पोराला खाता येतं का ते सांगा आधी." दुसऱ्या वेळी काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, म्हणजे ते याहून वरचढ असणार. गल्लीत बोललं जाऊ लागलं, की पोरगी सोन्यासारखी, पण आई नको. हे त्यांच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, बराच वेळ काहीच न बोलता गहू निवडत बसल्या. मला त्यांचं ते गप्प बसणं सहन होईना. शेवटी म्हणाल्या, "माझ्या तोंडापायी पोरगी घरात ऱ्हायली तर मी कुणाला तोंड दाखवू गं?"

म्हणून नांदगावकडचं तिसरं स्थळ यायचं ठरलं तेव्हा शेटजींनी आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला. जतनबाईंनी स्वयंपाकघराबाहेर यायचं नाही आणि पाहुण्यांशी 'हो' आणि 'या' याखेरीज शब्द बोलायचा नाही. जतनबाई लगेच कबूल झाल्या. माणसं पंधरा-वीस येणार होती आणि बरोबर मुलाची आजी. घरातलं पान तिच्या शब्दावाचून हलत नाही, अशी तिची ख्याती होती. गाडी दुपारची. पंगतीची तयारी झाली, पाट मांडले गेले. मी सकाळपासून मदतीला होते. दोन मोठ्या पातेल्यांत जोडबाटी निखाऱ्यांवर चढली.

आणि गाडी आली नाही. शेटजी स्टेशनावर जाऊन बसले आणि त्यांनी दुकानातल्या माणसाकडून निरोप पाठवला, की गाडीला बराच उशीर आहे, दिवस मावळायच्या जरा आधी येईल. दिवस थंडीचे, सूर्याला घरी जायची घाई. जतनबाई अंगणात आल्या, वर पाहिलं, आणि मला हिशेब लगेच कळला. गाडी येणार, मग टांगे, मग पाय धुणं, टिळे, पंगत. तोवर अंधार. पाहुणे पाण्याला न शिवता झोपणार, आणि मुलगी बघायला आलेली माणसं उपाशी झोपली अशी त्या घराची अपकीर्ती मग कुठवर जाईल, ते सांगायला नको.

"टांगा बोलाव. जल्दी," जतनबाई म्हणाल्या. मी त्यांना शेटजींच्या हुकुमाची आठवण करून दिली. त्या पातेल्याला फडकं बांधत होत्या. "हुकूम स्वयंपाकघराचा हाये न? मंग स्वयंपाकघरच घेऊन चालले मी."

झाकणावरच्या निखाऱ्यांसकट ती दोन पातेली, उकळून गाळलेल्या पाण्याचा हंडा आणि आम्ही दोघी अशा टांग्यातून स्टेशनावर पोचलो. आम्हाला पाहून शेटजींचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी आली तेव्हा ऊन फलाटावरून उतरून रुळांवर गेलं होतं. थकलेली, धुळीनं माखलेली माणसं उतरली. मधोमध काठी टेकत आजी. जतनबाईंनी बाकावर पातेली उघडली, तूप ओतलं आणि हात जोडून म्हणाल्या, "या." इथवर सगळं हुकुमाप्रमाणे झालं.

आजीनं पातेल्याकडे पाहिलं, मग जतनबाईंकडे. दोघी मारवाडीत बोलल्या. इतक्या दिवसांच्या शेजारानं ती मला समजत होती. "आम्ही सोयरीक करायला आलोय," आजी म्हणाली. "तुम्हाला घरदार नाही, म्हणून वाटेवर जेवू घालता?"

शेटजींनी डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला जतनबाईंच्या तोंडाकडे पाहायचं होतं. ते उघडणार हे मला ठाऊक होतं.

"घर आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "पंगतही मांडलीय. पण घरी न्यायला तासभर लागेल आणि सूर्य तासभर थांबणार नाही. सोयरीक करा, नाही तर करू नका, तो तुमचा मान. पण माझ्या गावात उतरून तुम्ही उपाशी झोपलात, तर मला झोप लागायची नाही."

आजीनं काठी नातवाच्या हातात दिली, हंड्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि आपल्या बाजूचा एक गोळा तोडला. शेजारच्याचा पापुद्रा त्याच्याबरोबर आला. मग फलाटावर जी झुंबड उडाली, ती मी अजून विसरलेले नाही. ताट नाही, पाट नाही, कोण वरपक्षाचं, कोण वधूपक्षाचं, काही नाही. काका मंडळी उभ्याउभ्या बोटं पोळवत होती, तिखटानं नाकं पुसत होती. जतनबाई पाणी देत, तूप वाढत, मुलांना पुढे ढकलत सगळीकडे होत्या. त्यांनी स्वतः सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे मला एकदम आठवलं. मी खूण केली. "मेहमान पयले," असं पुटपुटून त्या पुन्हा गर्दीत शिरल्या.

पातेल्याच्या कडेला शेवटचा गोळा उरला होता. आजीनं तो स्वतःच्या हातानं सोडवला आणि जतनबाईंपुढे धरला. विहिणीला त्यांच्यात ब्याणजी म्हणतात. आजी म्हणाली, "ब्याणजी, तुम्ही कधी खाणार?"

मुलगी अजून कुणी पाहिलेली नव्हती. काकांपैकी कुणीतरी हसलं. शेटजी खांबाला टेकले. जतनबाईंनी मान वळवून पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य गेला होता. त्यांनी हात जोडले आणि मानेनंच नाही म्हटलं. आजीनं हात मागे घेतला नाही, फक्त माझ्याकडे वळवला. "तुला चालतं ना? मग यांच्या वाटणीचा तू खा." मी तो खाल्ला. मीठ जरासं कमी होतं.

आज जतनबाई नाहीत. आम्ही पुढं बदलीवर मंठ्याला गेलो, तिथंच त्या गेल्याचं कळलं. कंचन नांदगावला सुखात राहिली आणि तिच्या सासरी सगळ्यांत जास्त आदर तिच्या आईचाच होता, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण मला त्या आठवतात त्या, त्या संध्याकाळी स्टेशनावरून परतताना. पाहुण्यांचे टांगे पुढे गेले होते. आम्ही मागच्या टांग्यात, मांडीवर रिकामी पातेली. मी एकसारखी बडबडत होते, ठरलं म्हणत होते, आता मुहूर्त काढा म्हणत होते. त्यांनी विचारलं, मीठ बराबर होतं का. मी म्हटलं, अगदी बराबर.

गल्ली जवळ आली, त्यांच्या दारात कंदील घेऊन उभी असलेली कंचन दिसली, आणि जतनबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"ठरलं गं मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "म्हंजे आता ती जाईल."