फोटोंचं बिऱ्हाड

आमच्या दादाच्या लग्नाचे फोटो एकदाच हरवले, आणि तेही मी ते सुरक्षित जागी हलवले म्हणून!

(लग्नात रोलवाला फोटोग्राफर नको, डिजिटल कॅमेरा बास, हा सल्लाही माझाच. दौंडला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता ना! त्यामुळे फोटो काय ते आमच्या केडगावच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये.)

त्या दिवशी वहिनीचे आई-वडील कासुर्डीहून जेवायला आणि फोटो बघायला येणार होते. नेमकं तेव्हाच मला शहाणपण सुचलं. कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. डिस्कचा जुना भाग भरत आलेला, म्हणून शेजारी मी नवा भाग पाडला होता. आधी तिकडं कॉपी करायची, तपासायची, मगच जुनं पुसायचं, असं कोर्समध्ये घोकून घेतलं होतं.

आमचे वडील, आप्पा, शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांचं बालपण मेंढरांमागं गेलेलं.

"कापी कशाला? मुक्काम हलला की मागं कोकरू बी ठेवायचं न्हाई. समदं एकदम हलीव!"

मला पटलं! 'नवं' नावाचा फोल्डर केला, फोटो त्यात हलवले. डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो फोटो पलीकडं!

"एवढ्यात?"

"लिनक्स हाय म्हटलं, आप्पा!"

मग डिस्कचा नवा भाग त्या फोल्डरला जोडला. (लिनक्समध्ये भाग असा फोल्डरला जोडला, की मगच त्यात काही जातं. म्हणजे हे आधी करायचं असतं. किरकोळ!) फोल्डर उघडला, तर रिकामा. जुनी जागा बघितली, तीही रिकामी!

"अवं वन्सं, माझं लगीन कुठं गेलं?" वहिनी रडकुंडीला आली.

"परत मुंडावळ्या बांधू का आता?" दादा ओरडला.

तेवढ्यात दारात व्याह्यांची मोटरसायकल थांबली. आईनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत होता: एवढे फोटो इतक्या झटक्यात दुसऱ्या भागात जातीलच कसे?

अगं बाई! ते गेलेच नव्हते. हलवताना नवा भाग जोडलेला नव्हता, म्हणून फोटो जुन्याच भागातल्या त्या फोल्डरात बसले. वरून मी नवा भाग जोडून त्यांच्यावर झाकण घातलं होतं! तो सोडवला. पडद्यावर वहिनी अक्षता झेलत उभी!

आप्पांचं कुतूहल काही फिटेना. "म्हंजी फोटो जुन्याच भागात हायेत? मंग सकाळधरनं तू केलंस काय?"

मी तोंड उघडायच्या आत व्याही कौतुकानं म्हणाले, "पोरगी लई हुशार! आमच्या थोरल्याचा कॉम्प्युटर बी उद्या आणून देतो."

वहिनी ताट वाढता वाढता वडिलांच्या कानाशी वाकली. "नाना, आपला हाय तसा राहू द्या."

लग्नाला महिनाही झाला नव्हता, पण वहिनी मला पुरती ओळखून होती!