अपडेट गुरुजींचा हयातीचा दाखला

निलंग्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. डोक्याला पांढरी टोपी, पंचाहत्तरी ओलांडलेली आणि खिशात गल्लीतला सगळ्यात नवा फोन. फाटकाशी गाठ पडली की चहापाणी विचारायच्या आधी "अपडेट मारलं का?" असं विचारायचे. म्हणून ते अपडेट गुरुजी. मी त्यांची शेजारीण आणि एकेकाळची चौथीतली विद्यार्थिनीही, त्यामुळे "न्हाई मारलं" म्हणायची माझी टाप नव्हती.

नव्या गोष्टीचं त्यांना भय कसलं ते नव्हतं. सोयाबीनच्या पानाचा फोटो काढून फोनला रोग विचारायचे, वर त्याच्या उत्तरातलं शुद्धलेखन त्यालाच सुधारून द्यायचे. "कितीदा चूक दावा, रुसत न्हाई. असा विद्यार्थी मला मिळाला न्हाई," असं म्हणून माझ्याकडे बघायचे. काकू आतून म्हणायच्या, "मग जेवायला बी त्यालाच वाढा."

पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागे. मग तो घरबसल्या निघू लागला. फोनपुढे चेहरा धरायचा, पापणी मिटून उघडायची, झालं. गुरुजी ते एका दुपारात शिकले आणि एसटीने गावोगाव हिंडून आपल्या अकरा जुन्या सहकाऱ्यांना शिकवून आले. "मास्तर, पापनी हालवा! झोपू नका!"

त्या नोव्हेंबरात ते सवयीने बँकेत गेले, तर पायरीवर कुणीच नव्हतं. एरवी दाखला झाला की सगळे समोरच्या हॉटेलात भजी खायचे. कुणाचे दात गेले, कुणाची बायको गेली, ते तिथेच कळायचं. वर्षातली तेवढी एकच भेट. गुरुजी तासभर बसून परत आले.

"म्याच मोडलं की गं हे," ते म्हणाले.

"फोनवर बोला की, गुरुजी."

"बोलतो की. पन फोनवर समदेच बरे असतेत."

मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी गुरुजी चक्क खोटं बोलले. ग्रुपवर लिहिलं, ॲप बंद आहे, सर्वांनी सोमवारी अकरा वाजता बँकेत हजर राहावे. नऊ जण आले. मी काकूंना पासबुक भरायला घेऊन गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "ॲप तर चालूच हाय!" सगळे गुरुजींकडे बघायला लागले. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखी त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा गुडघे धरलेले देवणीचे मास्तर काठी टेकत पुढे आले. "म्या तर दाखला घरीच काढून आलो," ते म्हणाले. "चालू हाय ते ठावंच होतं मला. चला, भजी गार व्हायलीत."

यंदा उन्हाळ्यात गुरुजी गेले. पेन्शन आता काकूंच्या नावावर झाली. नोव्हेंबरात मी फोन घेऊन गेले, तर काकू इरकल नेसून ओट्यावर तयार बसलेल्या.

"काकू, घरीच होतंय की."

"ते सकाळीच केलं म्या," त्या चप्पल पायात सरकवत म्हणाल्या. "समदे येतेत आज. ह्यांच्या जागेवर कुनीतरी बसाया पायजे."