काशीबायचा तांदूळ आणि न प्यायलेलं पाणी

शकूच्या माहेरी भाताची झोडणी होऊन पहिला तांदूळ घरात आला, की त्यातला एक डबा बाजूला निघायचा. त्याला सगळे काशीबायचा तांदूळ म्हणत. घरच्या कुणाच्या पानात तो पडत नसे. तो जायचा रोह्याला, अष्टमी नावाच्या वस्तीत, अब्बासभाईंच्या घरी. का, ते कुणी विचारत नसे, आणि विचारलं तर कुणाला सांगता येत नसे. काशीबाय ही शकूच्या पणजोबांची आई, एवढंच ठाऊक. पणजोबांचं नाव महिपती. त्यांनी नेला, त्यांच्या मुलाने नेला, मग शकूच्या बाबांनी.

वडखळच्या पुढे खाडीच्या कडेला शकूचं गाव. पुढे मिठागरं, मागे खारातली शेती, आणि दोन्हींच्या मधे चिखलाचा बांध. शकू बारा वर्षांची असताना बाबांनी तिला पहिल्यांदा डब्याबरोबर नेलं. एसटीतून उतरून उन्हात चालत गेल्यावर तिच्या घशाला कोरड पडली होती. अब्बासभाईंच्या आईने ओटीवर पितळेचा पेला आणून ठेवला. शकूने हात पुढे केला आणि बाबांनी तो मनगटाला धरून मागे घेतला.

"नको, तिला तहान नाय," बाबा म्हणाले.

त्या बाईंनी पेला उचलला आणि पायरीशेजारच्या जास्वंदीला पाणी घातलं. येताना शकूने विचारलं, तर बाबा म्हणाले, "त्या घरचं पाणी आपण घेत नाय. पहिल्यापासनं नाय घेत." त्या वयात शकूला याचा एकच अर्थ कळला. ती माणसं मुसलमान होती.

पुढे शकूचं लग्न पेणमध्ये झालं. नवरा गणपतीच्या कारखान्यात होता, आणि शकूही तिथेच मूर्तींच्या डोळ्यांची आखणी शिकली. पस्तीस वर्षं तिने डोळे आखले. हात हलला की मूर्तीची नजर बिघडते, त्यामुळे घाई तिच्या स्वभावातून तेव्हाच निघून गेली. नवरा गेला, बाबा गेले, भाऊ गेला. भावाचा मुलगा निलेश रोह्याच्या कंपनीत लागला. शिफ्ट सांभाळून तो शेत बघायचा, पण डबा नेण्याचं काम शकूकडे आलं आणि राहिलं. अब्बासभाईंच्या आईच्या जागी आता त्यांची बायको फरझानाभाभी पेला आणून ठेवायची. शकू ओटीच्या कडेला टेकायची, मुलाबाळांची चौकशी करायची, आणि उठायची. पेला जास्वंदीला जायचा.

एकदा फरझानाभाभी हसत म्हणाली होती, "शकूबाय, आमची जास्वंद तुमच्याच पाण्यावर वाढली हाय बघा. एवढी फुलं गल्लीत कुणाकडं नाय."

शकूही हसली होती. मात्र पेणपर्यंतच्या प्रवासात ते वाक्य तिला टोचत राहिलं.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या उधाणाला बांध फुटला. खारं पाणी पोटरीवर, कणसं फुटायच्या बेतात आलेल्या भातात शिरलं आणि दोन भरत्या तिथेच राहिलं. दिवाळीला शेतात भाताऐवजी मिठाचे पांढरे पापुद्रे होते.

"आत्या, यंदा तो डबा राहू दे," निलेश म्हणाला. "आणि खरं सांगू? कायमचाच राहू दे."

"का रे?"

"विकतचा तांदूळ नेऊन काय करायचं? आणि नेऊन तरी काय? दारात डबा ठेवायचा, पाणी नाय प्यायचं नि पळायचं. अब्बासभाईंचा पुतण्या माझ्याबरोबर कामाला आहे. कंपनीच्या कँटीनमध्ये आम्ही एका ताटात जेवतो. तो मला सगळ्यांसमोर म्हणतो, आमच्या घरी आलास तर बाटली घेऊन ये हां बिसलेरीची. मी काय बोलणार?"

निलेशचं म्हणणं शकूला पटत होतं आणि डबा बंद करायला मन घेत नव्हतं. एकदा बंद झाला की पुन्हा कुणी सुरू करणार नव्हतं, हेही तिला दिसत होतं. जे इतकी वर्षं चाललं ते का चाललं, एवढं तरी आधी कळायला हवं, असं तिने ठरवलं. काशीबाय कोण होती ते शोधायचं.

पेणच्या तहसील कचेरीत जुन्या दप्तरांत पूर्वजांच्या नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी असते. बाहेर मोडी वाचून देणारे एक गृहस्थ बसत. त्यांनी विचारलं, "आजी, जातीच्या दाखल्यासाठी हवंय का?"

"नाही. माणूस हवंय," शकू म्हणाली.

चार खेपा झाल्या. गावच्या मृत्यूंच्या नोंदीत पुरुष सापडत, मुलं सापडत, बायका मात्र बापाच्या आणि नवऱ्याच्या नावांखाली दडलेल्या. शकूला मोडी वाचता येत नव्हती, पण रेषांकडे बघायची सवय होती. तिसऱ्या खेपेला 'महिपती' हा शब्द कसा वळतो ते तिने कागदावर काढून घेतलं, आणि चौथ्या खेपेला एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघा, इथे आहे."

गृहस्थांनी चष्मा पुसला. "काशी कोम धाकू. म्हणजे धाकूची बायको. उमर अदमासे पंचेचाळीस. ताप येऊन मयत. खबर देणार मुलगा महिपती. डिसेंबर अठराशे सत्त्याण्णव." मग त्यांनी मागची काही पानं चाळली. "हा धाकू आधीच गेलाय. वीस-बावीस वर्षं आधी. मिठागरावर मजूर."

म्हणजे काशीबाय तेविशी-चोविशीत विधवा झाली होती, आणि महिपती तेव्हा अंगावर पीत असेल. मिठागरात पाय खाऱ्या पाण्यात आणि पाळण्यातलं पोर बांधावर, असे तिचे दिवस गेले असणार. शकूने ते सगळं घरी येऊन लिहून ठेवलं. पण त्या चार ओळींत रोह्याचं नाव कुठेच नव्हतं.

उरलेलं अष्टमीतच असणार होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी शकू एसटीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या घरी रिकाम्या हाताने चालली होती. हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना.

"या शकूबाय," फरझानाभाभी म्हणाली. तिची नजर शकूच्या हाताकडे गेली आणि लगेच वर आली. "तब्येत बरी हाय ना?"

"भाभी, यंदा तांदूळ नाही. शेतात खारं शिरलं." शकू ओटीवर बसली. "आणि दुसरं, मला विचारायचंय. हा तांदूळ आम्ही तुम्हाला का देतो?"

आतून अब्बासभाई आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आम्हाला वाटायचं तुम्हाला ठाऊक हाय. माझे अब्बा म्हणायचे, घ्या नि गप बसा, जुनी माणसं हायत."

"आमच्यात म्हणायचे, काहीतरी उपकार असतील तुमचे."

"आमचे? नाय बा, काय आठवत नाय."

शकूने पर्समधून कागद काढला आणि काशीबाय, धाकू, महिपती ही नावं वाचून दाखवली. अब्बासभाईंनी आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात चामड्याच्या पुठ्ठ्याची एक वही होती. ती त्यांच्या पणजीच्या, झैनबच्या माहेरची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर आलेली. घरातले जन्म आणि निकाह पुढे तिच्यातच लिहिले गेले.

"हज्जच्या वेळी अब्बांच्या जन्माची तारीख काढली हिच्यातनं. मागची पानं कुणी बघितली? आता उर्दू वाचणारा घरात मीच एक."

त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. बोट उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकू लागलं. झैनबचा बाप मिठाचा व्यापारी. मचवा घेऊन शकूच्याच गावच्या बंदरात यायचा, पुढे तिथेच राहिला. झैनब जन्मली आणि तिची आई गेली.

मग अब्बासभाईंचं बोट थांबलं. त्यांनी तीच ओळ दोनदा मनात वाचली आणि मग मोठ्याने.

"दूध काशीबाई, धाकूची बायको, हिचं. दोन बरस. महिपती दूधभाऊ."

"म्हणजे?" शकूने विचारलं.

"आमच्यात हे लिहून ठेवतात, शकूबाय. जिचं दूध प्यायलं ती आई. तिची पोरं सख्खी भावंडं. पुढं सोयरीक जुळवताना चूक होऊ नये म्हणून लिहायचं." ते वहीकडेच बघत होते. "काशीबायनं माझ्या पणजीला वाढवलंय. एका अंगाला तुमचा महिपती, दुसऱ्या अंगाला आमची झैनब."

फरझानाभाभीने तोंडावर पदर घेतला. "म्हणजे देणं लागत होतो ते आम्ही! नि तांदूळ तुम्ही आणत होता?"

शकूला तिची स्वतःची आई आठवत होती. शकूच्या लग्नानंतर आई पेणला यायची ती नव्या तांदळाची पिशवी घेऊन. शकू पाणी द्यायची आणि आई म्हणायची, "लेकीच्या घरचं पाणी नाय गो पीत, कूस उजवेपर्यंत." तीन वर्षं आई तहानलेली येऊन तहानलेली गेली. शकूच्या मुलाच्या बारशाला तिने सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर माठातून तांब्या भरून घेतला आणि उभ्यानेच पिऊन रिकामा केला.

"भाभी," शकू सावकाश म्हणाली, "ते देणं नव्हतं. नवा तांदूळ लेकीच्या घरी पाठवतात आमच्यात. काशीबाय लेकीकडे येत होती." मग तिने अब्बासभाईंना विचारलं, "झैनबला पहिलं मूल कधी झालं?"

अब्बासभाईंनी पान उलटलं. "निकाहनंतर सहा-सात बरसांनी. माझे दादा, म्हणजे आजोबा, दाऊद. रमजान, तेराशे पंधरा."

त्यांची नात अफिफा दारात उभी राहून ऐकत होती. तिने मोबाइलवर हिशोब केला. "फेब्रुवारी अठराशे अठ्ठ्याण्णव, दादा."

शकूने आपल्या कागदाकडे पाहिलं. डिसेंबर सत्त्याण्णव. काशीबाय दोन महिने आधी गेली होती. सहा-सात वर्षं ती गावाहून डबा घेऊन आली असेल, लेकीचं पोट बघितलं असेल, पाणी नाकारलं असेल आणि परत गेली असेल. अजून दोन महिने राहिली असती तर या ओटीवर बसून पाणी प्यायली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. तिच्या मागे महिपतीने आई करायची तसंच केलं. पाणी नको म्हणायचं एवढं त्याला माहीत होतं. ते कधी संपायचं होतं, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं.

हे सगळं, निलेशच्या बिसलेरीच्या बाटलीसकट, तिने त्या दोघांना सांगितलं. सांगताना एक गोष्ट मात्र तिने झाकली नाही. "बाबांनी माझा हात धरला तो काशीबायच्या कारणाने नव्हे. ते तुम्हाला परके समजत होते. मीसुद्धा तसंच समजून बसले, पन्नासाच्या वर वर्षं. वही सापडली म्हणून ते पुसलं जात नाही."

फरझानाभाभी म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा सासू म्हणाली होती, पाणी पुढं करायचं, घेतील अशी आस नाय ठेवायची. मी ठेवायची पण. दर साली." मग ती उठली, आत गेली आणि तोच पितळेचा पेला भरून घेऊन आली. या वेळी तिने तो ओटीवर ठेवला नाही. हातात धरून उभी राहिली.

शकूने पेला घेतला. एकदाही न थांबता प्यायली. थोडं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, ते तिने पदराने पुसलं.

अब्बासभाईंनी तेवढ्यात पुतण्याला फोन लावला होता. "त्या निलेशला सांग, बिसलेरीची बाटली नको आणू म्हणावं. नि त्याला आजपासनं नावानं हाक मारायची नाय. नात्यानं भाऊ लागतो तो तुझा!" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, अब्बासभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"पुढच्या साली शेत पिकलं नाही तर?" शकूने विचारलं.

"माहेरचं माणूस रिकाम्या हातानं येतं की," फरझानाभाभी म्हणाली. "तुम्ही यायचं."

तिने शकूच्या हातातून पेला घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पायरी उतरून जास्वंदीकडे गेली. पेला वाकडा केला. एक थेंब पडला. ती तशीच वाकलेली राहिली, मग मागे वळून शकूकडे बघत राहिली.

"आणखी आणा भाभी," शकू म्हणाली. "थोडं तिलाही घाला. बिचारीचा काय दोष?"