शेवटच्या पाण्यावरचं लिंबू

लख्ख मावशींनी आयुष्याची एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढली. त्यांच्या हाताखालून निघालेली चादर इतकी पांढरी असायची, की पेशंटला तिच्यावर झोपायचा संकोच वाटावा. नाव तिथेच पडलं आणि मागोमाग घरापर्यंत आलं. मावशींचे कपडे दोरीवर आले की शेजारणी आपले आत घेतात, असं सून थट्टेने म्हणायची. मावशींना ही थट्टा मनापासून आवडायची.

निवृत्तीच्या दिवशी धुलाईघरातल्या बायकांनी त्यांना कागदी लिंबाचं रोप दिलं होतं, तेही ब्लीचच्या रिकाम्या डब्यात लावून. मावशींनी ते इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलं. चार वर्षांनी यंदा ते पहिल्यांदा फुललं, आणि नेमकं यंदाच पाणी आटलं. नळ दिवसातून तासभर यायला लागला. टाकीवर पाटी लागली : झाडांना पाणी घालू नये.

सोसायटीचे सेक्रेटरी पाटी लावून थेट मागच्या बाजूला आले. "मावशी, हे झाड तसंही वाळणारच. काढून टाकू आणि शेड घालू. माझी स्कूटर उन्हात तापून नुसता तवा होते."

"टाकीतलं थेंबभर पाणी झाडाला घालणार नाही," मावशी म्हणाल्या. "वापरलेल्या पाण्यावर जगवून दाखवते. पावसापर्यंत थांबा."

"आणि वाळलं तर?"

"तर कुऱ्हाड मी आणून देते."

बोलून तर बसल्या. पण मावशी बोलण्यापुरत्या शूर नव्हत्या. भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळ्यांना बादल्या नेमून दिल्या. मुलगा दाढी करताना नळ सोडून ठेवायचा, तर त्याच्यासमोर पाण्याने भरलेला मग आदळला. बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा जाड थर दिला, म्हणजे ओल टिकेल. आणि सगळ्यात मोठी बादली कपड्यांच्या शेवटच्या पाण्याची. तिसऱ्यांदा खळबळलेलं ते पाणी दिसायला अगदी नितळ असायचं.

महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. मग पानंच गळायला लागली. मावशींनी आधी उन्हाला शिव्या घातल्या, मग सुनेकडे मोर्चा वळवला.

"तू भांड्यांचं साबणाचं पाणी ओततेस. खरं सांग!"

"नाही हो आई. ते मी संडासालाच वापरते."

"मग झाड काय हौसेने वाळतंय?"

सून दोन दिवस कामापुरतंच बोलली. मावशींना ते लागलं, पण माघार घेतील तर त्या मावशी कसल्या!

तिसऱ्या दिवशी बादली झाडापाशी ओतताना त्यांची नजर आपल्याच गाऊनवर गेली. गडद निळा गाऊन, आणि खालच्या काठावर पांढुरके ठिपके. बादली रोज जिथे हिंदकळायची, बरोबर तिथे. असले ठिपके मावशींनी एकतीस वर्षं धुलाईघरातल्या प्रत्येक बाईच्या कपड्यांवर पाहिले होते. त्यांनी बादलीला नाक लावून पाहिलं.

शेवटच्या पाण्यात झाकणभर ब्लीच. हात आपोआप बाटलीकडे जायचा. मनाला विचारायचासुद्धा नाही. जित्याची खोड! झाड दुसऱ्या कुणी नाही, त्यांच्याच हाताने मारत आणलं होतं, रोज, मोजून, झाकणभर. मावशींना रडू आलं, आणि रडण्याचा रागही आला.

त्या थेट सुनेपुढे उभ्या राहिल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी. ब्लीच माझंच. चुकलं माझं."

सुनेने गाऊनचा काठ हातात धरून पाहिला. "आता काय करायचं?"

"माती धुवायची. पण टाकीतलं पाणी घ्यायचं नाही."

मग पंधरा दिवस मावशींनी मोठ्या टबात उभं राहून बिनसाबणाची अंघोळ केली. अंगावरून उतरलेलं पाणी झाडाला. सूनही न सांगता दुसऱ्या टबात उभी राहिली. दोघी मिळून टब उचलून न्यायच्या. ब्लीचची बाटली घराबाहेर गेली. खळबळायचं पाणी नुसतं पाणी झालं, आणि हळूहळू चादरी पिवळट पडायला लागल्या. मावशी त्या आतल्या खोलीत वाळत घालायच्या. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून दारही लोटून घ्यायच्या. एका सकाळी सुनेने त्याच चादरी उचलल्या आणि बाहेरच्या दोरीवर, सगळ्या इमारतीसमोर टाकल्या. मावशी दारात नुसत्या बघत राहिल्या. 'काढ' मात्र म्हणाल्या नाहीत.

पहिला पाऊस पडायच्या आधी सेक्रेटरी आले. झाड अर्धं बोडकं होतं, पण प्रत्येक फांदीच्या टोकाला कोवळी पालवी होती, आणि खाली तीन लिंबं, सुपारीएवढी. सेक्रेटरींनी बुंध्याजवळची माती चिमटीत घेतली. ओली होती. मग त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं.

"मावशी, चादरी अशा का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे," मावशी म्हणाल्या. "चादर पांढरी आणि झाड हिरवं, दोन्ही एका बादलीत बसेनात. मग चादर सोडली."

सेक्रेटरींनी चिमटीतली माती परत बुंध्याशी टाकली, आणि जाऊन स्कूटर नेहमीच्या जागी, उन्हात लावली.