ठकूबाईचं नाव राखणारी सुमनकाकू

सुमनकाकूंच्या सुनेचा, ज्योतीचा, फोन आला तेव्हा मी नाशिकच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते. "मॅडम, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता मसाला कुटायच्या यंत्राचा आवाज येत राहिला... ते बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सकाळी भाजलेल्या धण्याचे चार दाणे दाताखाली घेऊन "आज धणे जरा जास्त भाजलेत" असं बायकांना सांगून सुमनकाकू जेवायला उठल्या होत्या. पानावर बसायच्या आतच सगळं संपलं. पंचाहत्तरीला टेकल्या होत्या, पण आजारी अशा कधी नव्हत्याच. मी तशीच चांदवडला निघाले. रस्ताभर मला वाटत होतं की त्या आता ओट्यावर उभ्या असतील आणि म्हणतील, "जेवून निघालीस का तशीच?"

सुमनकाकू निकम माझ्याकडं पहिल्यांदा आल्या त्याला पंधराएक वर्षं झाली असतील. मी नावांची वकिली करते. म्हणजे कुणाच्या मालावरचं नाव दुसऱ्यानं वापरू नये, यासाठी ते सरकारदरबारी नोंदवून देते. इंदिरानगरला घराच्याच पुढच्या खोलीत माझं ऑफिस. काकू आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवीतून काळ्या मसाल्याचा एक पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'ठकूबाईचा काळा मसाला'. मला हसू आलं. अहो, ठक म्हणजे लबाड, असं नाव मालावर कोण घालतं, असं मी बोलूनही गेले. काकू रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ठकूबाई माझी सासू, मसाला तिचा, मी नुसती कुटते. सासू हयात होती, आणि जिवंत माणसाचं नाव मालावर घालायचं तर त्या माणसाची लेखी संमती लागते. म्हणून मी संमतीपत्रासाठी चांदवडला गेले. ठकूबाई खाटेवर बसून होत्या. दृष्टी गेलेली, कान शाबूत. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी अंगठा उठवला आणि बजावलं की नाव न्यायचं तर न्या, पण त्यात भेसळ झाली तर मी वरून पाहीन.

नोंदणी झाली. प्रमाणपत्र घ्यायला काकू आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की ही नोंद फक्त भारतातली. दुसऱ्या देशात माल गेला तर तिथं ती चालत नाही, तिथं वेगळा अर्ज करावा लागतो, प्रत्येक देशात वेगळा. काकूंना ते काही केल्या पटेना. "म्हंजे शीव ओलांडली का आपलंच नाव परकं?" असं त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या की माल मनमाडच्या पुढं जात नाय, परदेशाचं काय घेऊन बसलीस. मीही जोर केला नाही. करायला हवा होता... ही चूक माझी, आणि ती मी त्यांच्याजवळ पुढं कबूलही केली.

माल मनमाडच्या पुढं गेला तो प्रवीणमुळं. प्रवीण मूळचा निफाडचा, दुबईला किराण्याचा घाऊक व्यापार करायचा. एकदा चांदवडला जेवायला थांबला, भाकरीबरोबर काळ्या मसाल्याची आमटी खाल्ली आणि पुढच्या महिन्यापासून दुबईला पुडे जायला लागले. काकूंना तो मावशी म्हणायचा. दर वेळी आला की आधी ठकूबाईंच्या खाटेशी बसायचा, त्यांना दुबईच्या गमती सांगायचा. ठकूबाई गेल्या तेव्हा त्याला येता आलं नाही, पण त्यानं स्वतःच्या हातानं दोन पानांची चिठ्ठी लिहून पाठवली. पुढं त्याच्याकडून मागणी कमी कमी होत गेली, म्हणून काकूंच्या धाकट्या मुलानं तिकडच्याच दुसऱ्या एका व्यापाऱ्याला माल पाठवला. तो बंदरातच अडला. कारण कळलं ते असं, की 'ठकूबाई' हे नाव त्या देशात दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीचं होतं आणि त्या मालकानं हरकत घेतली होती.

मी कागद मागवले. मालक प्रवीण होता. दुबईत, ओमानमध्ये आणि आखातातल्या आणखी एका देशात त्यानं ते नाव स्वतःच्या कंपनीच्या नावावर करून घेतलं होतं. काकूंना हे सांगायला मी चांदवडला गेले. त्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. ऐकून हात थांबले नाहीत. खुडता खुडताच त्यांनी विचारलं, "त्यानं नाव लिव्हलंय कसं?" त्यांना वाटत होतं की लिहिण्यात काही चूक झाली असेल, दुसरंच काही नाव असेल. मी त्यांना अरबी अक्षरं दाखवली आणि त्या लिपीत ठ नाही, त्यामुळं तिकडं ते 'ताकूबाई' असं वाचलं जातं, हेही सांगितलं. तेवढ्यातही काकू हसल्या. आत्याबाईंना ताक लय आवडायचं, सासूची आठवण काढत म्हणाल्या. आणि मग पदराला डोळे पुसले. मिरचीचे हात होते, त्यामुळं डोळे आणखीच वाहायला लागले, आणि आम्ही दोघी पाण्याचा तांब्या शोधत फिरलो.

त्याची नोंद रद्द करून घ्यायची तर एक गोष्ट सिद्ध करावी लागणार होती : अर्ज केला तेव्हा हे नाव दुसऱ्याचं आहे, हे प्रवीणला माहीत होतं. जुन्या पावत्या होत्या, पण त्यावरून फक्त खरेदी-विक्री दिसत होती. मी काकूंची पत्र्याची पेटी उपसली आणि तळाशी ती चिठ्ठी सापडली. त्यात प्रवीणनं लिहिलं होतं की ठकूबाई गेल्या तरी तुम्ही पुड्यावर घातलेलं त्यांचं नाव आमच्या दुकानात रोज शंभरदा घेतलं जाईल. खाली तारीख होती, त्याच्या अर्जाच्या दोनच महिने आधीची. मी अक्षरशः उडाले. एवढा पुरावा वकिलाला जन्मात एखाद्या वेळीच मिळतो. काकूंनी माझ्या हातातून चिठ्ठी अलगद काढून घेतली, घडी घातली.

"ही नाय द्यायची. दुखवट्याची हाय."

मी तासभर समजावलं. चिडले, आवाज चढवला. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नाव गेलं तं मिळवू परत. पण दुखवट्याचा कागद कोर्टात गेला, तं उद्या कोण कुणाला दोन वळी लिहील?"

मी उरलेल्या कागदांवरच अर्ज तयार करायला घेतले. तेवढ्यात प्रवीण पुतणीच्या साखरपुड्याला निफाडला आल्याचं कळलं. काकूंनी मला गाडी काढायला लावली. त्याच्या आईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा केला. प्रवीण समोर येऊन बसला, पण मान वर करेना. काकूंनी आधी पुतणीची चौकशी केली, मुलगा काय करतो ते विचारलं. मग पिशवीतून चिठ्ठी काढून त्याच्यापुढं ठेवली. ही दाखवली तर तू हरशील असं वकिलीणबाई म्हणतात, मी नाय दाखवली, तुझी तू ठेव, असं त्या सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा सगळ्यात पक्का पुरावा चहाच्या कपांमधून पलीकडं सरकत होता. प्रवीणनं चिठ्ठी घेतली. माफी मागितली नाही. परतताना मी पिंपळगावपर्यंत काकूंशी बोलले नाही. त्या मात्र खिडकीतून द्राक्षांचे मांडव बघत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या की त्याची आई लय थकली गं...

दोन महिने काहीच झालं नाही. मग प्रवीणच्या दुबईतल्या वकिलाचं पत्र आलं. दुबई आणि ओमान, दोन्हीकडचं नाव तो काकूंच्या नावावर करून द्यायला तयार होता, कसलीही अट न घालता. तिसऱ्या देशातलं मात्र त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ते त्यानं आधीच तिथल्या एका भागीदाराला देऊन टाकलं होतं, आणि भागीदार ऐकायला तयार नव्हता. तिथं आम्ही लढलो आणि हरलो. ती चिठ्ठी असती तर कदाचित जिंकलो असतो. मी हे काकूंना एकदा स्पष्ट बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या की माहितीये मला, आणि विषय संपवला. पुढं इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात माल जायच्या आधी अर्ज गेले. त्या बाबतीत मग मी त्यांचं काही ऐकून घेतलं नाही.

हरलेल्या देशातही मसाला मागणारे लोक होते. त्यांच्यासाठी दुसरं नाव हवं होतं. काकूंनी सुचवलं, 'ठकूची सून'. मी म्हटलं, त्यात ठकू आली, भागीदार पुन्हा भांडेल. काकू जरा लाजून म्हणाल्या, "मग 'धाकली' लिव्ह." घरात त्या धाकटी सून. लग्न होऊन आल्यापासून ठकूबाईंनी त्यांना सुमन म्हणून कधी हाकच मारली नव्हती. धाकले, पाणी आण. धाकले, चूल बघ. चाळीस वर्षं. अर्जात नावाचा अर्थही लिहावा लागतो. मी काकूंना विचारलं की काय लिहू. त्या म्हणाल्या, लिही, जिला सगळे हाका मारतात ती. मी लिहिलं, 'धाकटी सून'. अर्जाच्या चौकटीत तेवढीच जागा होती.

आता ही सगळी नावं काकूंच्या मृत्युपत्राप्रमाणं ज्योतीच्या, त्यांच्या धाकट्या सुनेच्या, नावावर करायची आहेत. पुन्हा तेच... प्रत्येक देशात वेगळा अर्ज. भारत, दुबई, ओमान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि तो सहावा. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला जोडायचा, काही ठिकाणी त्याचा अरबीत अनुवाद करून, शिक्के मारून. माणूस जातं एकदाच, पण मला ते सहा सरकारांना सहा वेळा कळवावं लागतंय. पाच अर्ज सहीसाठी घेऊन मी गेल्या आठवड्यात चांदवडला गेले, आणि त्यांच्या खाली सहावा.

ज्योती मसाल्याच्या खोलीत होती. खिडकीशी काकूंचा बुटका लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून त्या भाजलेला प्रत्येक घाणा नाकाशी धरून बघायच्या. बायका आता त्याच्या बाजूनं वळसा घालून जातात. ज्योतीनं पाच सह्या केल्या. सहाव्या अर्जावर 'धाकली' हे नाव पाहून थांबली. मी म्हटलं, तूही धाकटीच सून, काकू तुलाही असंच हाक मारत असतील.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मला कायम ज्योतीच म्हणायच्या. आल्या दिवशीच सांगितलं होतं, नाव असताना नावानंच हाक मारायची."

तिनं कागद स्टुलावर ठेवला, खाली वाकली, आणि पूर्ण नाव लिहून सही केली.