खात्री, पाचपैकी पाच

माझ्या ताईचं लग्न घसाऱ्यामुळे जमलं. घसारा म्हणजे यंत्र जुनं झालं की त्याची किंमत किती उतरते, त्याचा हिशेब. ऐंशीच्या दशकात मी वाशीला कॉमर्स शिकत होतो आणि हा हिशेब मला कधीच जमला नाही (आजही जमत नाही).

मुलं आपल्याच शिकण्याबद्दल काय विचार करतात, हे आमच्या एका सरांना मोजायचं होतं. त्यांची रीत साधी. गणित सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, काही गाळायचं नाही आणि प्रत्येक वाक्याला पाचपैकी किती खात्री आहे, ते सांगायचं. त्यांनी माझीही निवड केली. का, ते देव जाणे! मी घरी सराव सुरू केला आणि आईने माझी दृष्ट काढली.

त्यातच दिवाळे गावाहून ताईला बघायला पाहुणे आले. मुलगा तुर्भ्याला कारखान्यात कामाला, वडील स्वतःच्या होडीवर मासेमारी करणारे. आधीची स्थळं परत गेली होती. हे तरी हातचं जाऊ नये म्हणून बाबांनी मला गॅलरीत बसवलं आणि तोंड बंद ठेवायला बजावलं. पण दुसऱ्या दिवशी सरांपुढे बसायचं होतं. पाहुणे जेवायला बसले आणि गॅलरीतून माझा आवाज गेला, "कळलं. खात्री चार. नाही, काहीच कळलेलं नाही. खात्री पाच."

मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला. गॅलरीत कोण आहे आणि कुणाशी बोलतंय, असं त्यांनी विचारलं. मी एकटाच आहे म्हटल्यावर तर त्यांनी ताटच सरकवलं. घराण्यात वेड नाही हे पटवण्यासाठी बाबांनी मला बाहेर आणून सरांची रीत समजावली. ती त्यांनाही समजलेली नव्हती.

"म्हंजे शिकतो पन ह्योच, आनि शिकला का नाय त्ये पन ह्योच सांगतो," मुलाचे वडील म्हणाले. "मंग मास्तर काय करतो?"

बाबांनी त्यांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. शेवटी त्यांनी मला तिथेच करून दाखवायला सांगितलं. मी घाबरलो की नियम फार काटेकोर पाळतो.

"यंत्राची किंमत दहा हजार. खात्री पाच. सगळे माझ्याकडे बघतायत. खात्री पाच. काकांना कालवण आवडलंय, पण ते शेजारच्या काकूंनी केलंय. ताईला साधी कोलंबी सोलता येत नाही. खात्री, पाचपैकी पाच."

बाबांनी डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघराच्या पडद्याआड भांडं पडलं. ताईचं लग्न मी स्वतःच्या तोंडाने मोडलं होतं आणि गणित तर अजून अर्धंच झालं होतं!

तेवढ्यात, इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा बोलला.

"मला होडीत उलट्या होतात. म्हनून कारखान्यात लागलो." त्याने पडद्याकडे पाहिलं. "खात्री पाच."

चांगल्या पगारासाठी गेलाय, असं वडील साऱ्या गावाला सांगत आले होते. ते पोराकडे बघतच राहिले. पडद्याआडून ताईचं हसू ऐकू आलं, मग तोही हसला. त्यानंतर दोन्ही बापांना ठरवायला फारसं काही उरलं नाही.

लग्नाला सर आले. आमच्या पोराच्या मोजणीत काय निघालं, असं बाबांनी पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं.

"मनात येईल ते बोलायला तो उत्तम शिकलाय," सर म्हणाले. "आता मनात काही यायचं तेवढं बाकी आहे."

खात्री किती, ते मी विचारलं नाही.